जुन्या नेटवर्कचा नकाशा काढताना एलएलडीपीवर किती विसंबावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका महाविद्यालयाच्या नेटवर्कची जबाबदारी आपल्याकडे नुकतीच आली आहे. चार इमारती, निरनिराळ्या कंपन्यांचे ३५-४० स्विच, त्यांना जोडणारी फायबर, वर्गांतले वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट आणि कार्यालयातले आयपी फोन असा पसारा आहे. मात्र कोणती केबल कुठून निघून कुठे जाते, याचा एकही कागद आधीच्या माणसाने मागे ठेवलेला नाही. एलएलडीपी (तारेच्या पलीकडच्या उपकरणाला स्वतःची ओळख देण्याचा प्रोटोकॉल) सुरू केल्यास उपकरणे आपापले शेजारी स्वतःच सांगतात असे आपल्या कानावर आले आहे, आणि दुसरीकडे सुरक्षा तपासणीच्या अहवालात ‘एलएलडीपी व सीडीपी सर्व पोर्टवर बंद करावे’ असा शेरा पडला आहे (सीडीपी हा याच कामाचा सिस्को कंपनीचा प्रोटोकॉल). यांपैकी काय करावे आणि एलएलडीपीने दाखवलेला शेजारी खरोखरच तारेच्या दुसऱ्या टोकाला असतो का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की आधी सुरू करावे, नकाशा काढावा, आणि मग कोणत्या पोर्टवर ते चालू राहील याचा निर्णय पोर्टचा उपयोग पाहून घ्यावा. सरसकट बंद केल्याने काही उपकरणे वेगळ्याच तऱ्हेने आजारी पडतात, त्याविषयी पुढे लिहिले आहे. शेजारी खरा असतो का, या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘बहुधा’ असेच द्यावे लागेल, आणि हे ‘बहुधा’ कुठे फसवते ते समजण्यासाठी एलएलडीपीची फ्रेम (तारेवरून जाणारा माहितीचा एक गठ्ठा) एकदा जवळून पाहणे आवश्यक आहे.

त्याआधी एक खुलासा. स्थानिक नेटवर्कवर ‘शेजारी ओळखणे’ हे शब्द तीन वेगळ्या कामांसाठी वापरले जातात आणि त्यांची गल्लत केल्यास पुढचे सगळेच गोंधळाचे होते. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) शोधणे हे पहिले काम. ते आयपीव्ही४ मध्ये १९८२ पासून एआरपी करतो आणि आयपीव्ही६ मध्ये नेबर डिस्कव्हरी. ‘येथे प्रिंटर आहे, येथे स्क्रीनवर चित्र दाखवण्याची सोय आहे’ अशी सेवेची दवंडी पिटणे हे दुसरे काम. ते एमडीएनएस २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवरून करतो. या दोन्ही ठिकाणी ‘शेजारी’ म्हणजे त्याच व्हीएलएएनमधील (नेटवर्कच्या पाडलेल्या आभासी विभागातील) कोणीही. तिसरे काम म्हणजे माझ्या या एका पोर्टात खोचलेल्या तारेच्या पलीकडे कोणाचा कोणता पोर्ट आहे हे सांगणे, आणि एलएलडीपी एवढेच करतो. आपल्याला नकाशा हवा आहे, म्हणून आपल्या कामाचा हा तिसरा प्रकार.

हे काम पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या भाषेत करीत असे. सिस्कोचा सीडीपी १९९४ मधला. इतर कंपन्यांनीही आपापले असेच प्रोटोकॉल काढले, आणि एका कंपनीचा स्विच दुसऱ्या कंपनीच्या स्विचला ओळख देत नसे. २००५ मध्ये आयईईई या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ८०२.१एबी हे मानक प्रसिद्ध केले, तोच एलएलडीपी. २००९ आणि २०१६ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. आपल्याकडे निरनिराळ्या कंपन्यांचे स्विच आहेत, त्यामुळे सीडीपीच्या भरवशावर पूर्ण नकाशा निघणार नाही.

आता फ्रेम. लॅपटॉप स्विचच्या पोर्टला जोडून वायरशार्क हे फ्रेम पाहण्याचे साधन लावले आणि अर्धा मिनिट थांबले, तर साधारण दोन-तीनशे बाइटची एक फ्रेम येते. तिचा गंतव्य मॅक पत्ता ०१-८०-सी२-००-००-०ई असतो आणि ईथरटाइप (फ्रेममधला मजकूर कोणत्या प्रोटोकॉलचा हे सांगणारा क्रमांक) ८८सीसी. त्यात आयपी पत्त्याचा शीर्षलेख नसतो. म्हणजे स्विचला आयपी दिलेला नसला तरी तो स्वतःची ओळख देऊ शकतो, आणि हरवलेल्या स्विचचा शोध घेताना हेच उपयोगी पडते. पुढचा सारा मजकूर छोट्या कप्प्यांत भरलेला असतो. प्रत्येक कप्प्यावर आधी प्रकार ७ बिटांत, मग लांबी ९ बिटांत, आणि त्यानंतर मूल्य. पहिला कप्पा ०२ ०७ ०४ असा सुरू होतो: प्रकार १ म्हणजे उपकरणाची ओळख, लांबी ७ बाइट, उपप्रकार ४ म्हणजे पुढचे सहा बाइट हा मॅक पत्ता आहे. दुसरा कप्पा ज्या पोर्टातून फ्रेम निघाली त्या पोर्टचा. तिसरा ०६ ०२ ०० ७८, म्हणजे ‘ही माहिती १२० सेकंद खरी धरावी’. हे तीन कप्पे सक्तीचे आहेत, आणि शेवटी ००  ०० ही समाप्तीची खूण असते. पोर्टचे वर्णन, उपकरणाचे नाव, त्याच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, व्यवस्थापनाचा आयपी पत्ता हे सारे ऐच्छिक आहे. ही बाब लक्षात असू द्यावी, कारण सुरक्षेच्या शेऱ्याला दिलेले उत्तर याच भेदावर उभे आहे.

दर ३० सेकंदांनी ३०० बाइट म्हणजे सेकंदाला ८० बिट. ‘नेटवर्कवर भार पडतो’ हे बंद करण्याचे कारण म्हणून कोणी पुढे केले तर हा हिशेब दाखवावा.

गंतव्य पत्त्याकडे पुन्हा वळू. ०१-८०-सी२-००-००-०० पासून शेवटी ०एफ असलेल्या पत्त्यापर्यंतचे सोळा पत्ते मानकाने राखून ठेवले आहेत. या पत्त्यांवर आलेली फ्रेम स्विचने स्वतः घ्यावी किंवा टाकून द्यावी, पुढे पाठवू नये, असा नियम आहे. एलएलडीपीचा शेजारी तारेच्या दुसऱ्या टोकालाच असतो याची हमी या नियमामुळे मिळते. सीडीपी मात्र ०१-००-०सी-सीसी-सीसी-सीसी या पत्त्यावर जातो, आणि तो राखीव सोळांमध्ये नाही. त्यामुळे सीडीपी न जाणणारा दुसऱ्या कंपनीचा स्विच ती फ्रेम साधी मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीची) समजून सगळीकडे पाठवतो, आणि मध्ये एक अख्खा स्विच असूनही त्याच्या दोन बाजूंचे सिस्को स्विच एकमेकांना सख्खे शेजारी म्हणून दाखवतात. आपल्यासारख्या मिश्र नेटवर्कमध्ये सीडीपीच्या तक्त्यावरून काढलेली रेघ एलएलडीपीने ताडून पाहिल्याशिवाय पक्की करू नये.

एलएलडीपीची हमीही मध्ये असलेला स्विच नियम पाळतो तोवरच टिकते. बाजारात मिळणारे पाच-आठ पोर्टांचे स्वस्त अनमॅनेज्ड स्विच (ज्यांत शिरून काही पाहता वा बदलता येत नाही असे) या बाबतीत बेभरवशाचे: काही फ्रेम टाकून देतात, काही बिनदिक्कत पुढे पाठवतात. एका प्रयोगशाळेचा नकाशा काढताना मुख्य स्विचच्या एकाच पोर्टवर मला दोन शेजारी दिसत होते, दोन्ही वेगळ्या खोल्यांतले आणि दोन्ही ठणठणीत. एका तारेला दोन टोके असतात, तीन नसतात. तेव्हा मधे काहीतरी असणार हे नक्की होते. कपाटामागच्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावलेला, धुळीने माखलेला आठ पोर्टांचा स्विच शोधायला दुपार गेली. फोन आणि त्याच्या पाठीला जोडलेला संगणक यांच्या बाबतीतही एका पोर्टवर दोन नावे दिसू शकतात, हा अपवाद सोडला तर दोन शेजारी म्हणजे तेथे जाऊन पाहण्याची जागा.

दुसरी गोष्ट, एलएलडीपी एकतर्फी आहे. तो विचारत नाही, उत्तर मागत नाही, पोहोच घेत नाही. प्रत्येक उपकरण आपली पाटी पोर्टाबाहेर लावते आणि समोरच्याची पाटी वाचते, इतकेच. ‘अ’ला ‘ब’ दिसतो म्हणून ‘ब’लाही ‘अ’ दिसत असेल असे गृहीत धरू नये. ही उणीव वाटते. माझ्या मते मात्र देखभालीच्या दृष्टीने एलएलडीपीचा सर्वांत मोलाचा गुण हाच आहे. दोन इमारतींमधल्या फायबरच्या दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल यांची सांगड घालणारे डबे) होते. फायबरच्या दोन धाग्यांपैकी एक तुटला, पण कन्व्हर्टर आणि स्विच यांच्यामधली तांब्याची केबल शाबूत असल्याने दोन्ही स्विचवर हिरवा दिवा लागलेलाच होता. एका बाजूच्या तक्त्यात शेजारी होता, दुसऱ्या बाजूच्या तक्त्यातून तो दोन मिनिटांत नाहीसा झाला होता. अशा एकमार्गी दुव्याने केवळ संपर्क तुटतो असे नाही: हाच दुवा स्पॅनिंग ट्रीने (फेरा होऊ नये म्हणून जादा दुवे अडवणाऱ्या प्रोटोकॉलने) राखीव म्हणून अडवून ठेवलेला असेल, तर अडवलेल्या बाजूला समोरच्याचे संदेश ऐकू येईनासे होतात, ती बाजू दुवा मोकळा करते आणि नेटवर्कमध्ये फेरा तयार होतो, ज्यात फ्रेम गोल गोल फिरत राहतात. एलएलडीपीच्या फ्रेम अडवलेल्या पोर्टवरूनही ये-जा करतात, त्यामुळे राखीव दुव्यांची तब्येत रोजच्या रोज पाहण्याचा तो सोपा मार्ग आहे.

मुदतीविषयी थोडे. ३० सेकंदांचे अंतर आणि चार पट मुदत हे मूळ मूल्य आहे, म्हणून १२० सेकंद (काही उपकरणांवर १२१ दिसतात, तेही बरोबर). पोर्ट व्यवस्थित बंद होताना उपकरण शून्य मुदतीची फ्रेम पाठवून निरोप घेते. वीज गेली किंवा केबल ओढली तर निरोप मिळत नाही, आणि मग काही स्विच नोंद लगेच पुसतात, काही मुदत संपेपर्यंत बाळगतात. केबल एका पोर्टातून काढून दुसऱ्यात लावली की तोच शेजारी काही काळ दोन्हीकडे दिसू शकतो. म्हणून रॅकसमोर उभे राहून केबल हलवताना तक्ता पाहण्याआधी पुरी दोन मिनिटे थांबावे. घाईत लिहून घेतलेल्या अशा एका नोंदीने मला नंतर चुकीची केबल काढायला लावली होती.

प्रत्यक्ष नकाशा काढताना मी मुख्य स्विचपासून सुरुवात करतो. ‘शो एलएलडीपी नेबर्स डिटेल’ किंवा त्या कंपनीची तत्सम आज्ञा देऊन मिळालेली प्रत्येक ओळ वहीत चार रकान्यांत लिहितो: माझे उपकरण, माझा पोर्ट, समोरचे उपकरण, समोरचा पोर्ट. मग समोरच्या उपकरणावर जाऊन तीच ओळ उलट बाजूने वाचतो. दोन्हीकडून जुळली तरच शाईने; एकाच बाजूने मिळाली तर पेन्सिलीने. ४० स्विच असताना हे हाताने करणे दोन दिवसांचे काम आहे, आणि लिब्रेएनएमएस किंवा नेटडिस्को यांसारखी मोफत साधने एसएनएमपीद्वारे (उपकरणांची माहिती दुरून वाचण्याच्या प्रोटोकॉलद्वारे) हेच तक्ते वाचून आपोआप आकृती काढतात. तरीही पहिली फेरी हातानेच करावी असा माझा आग्रह आहे, कारण पेन्सिलीच्या ओळी साधनाच्या सुबक आकृतीत झाकल्या जातात आणि जुन्या नेटवर्कमधले खरे आजार नेमके तेथेच असतात.

जुळवताना एक अडचण हमखास येईल. पोर्टची ओळख कशी द्यावी हे मानकाने उपकरणावर सोडले आहे: एक कंपनी इंटरफेसचे नाव पाठवते (उपप्रकार ५), दुसरी पोर्टचा मॅक पत्ता (उपप्रकार ३), तिसरी नुसता अंतर्गत क्रमांक (उपप्रकार ७), जो स्विचच्या दर्शनी भागावर छापलेल्या क्रमांकाशी जुळेलच असे नाही. फोन तर बहुधा उपकरणाची ओळख म्हणून आपला आयपी पत्ता देतात. एकच दुवा दोन्ही टोकांना वेगळ्या शब्दांत लिहिलेला दिसला म्हणजे चूक झाली असे समजू नये. यावर उपाय म्हणजे प्रत्येक स्विचला अर्थपूर्ण नाव देणे आणि प्रत्येक जोड-पोर्टवर वर्णन लिहिणे, आणि ते वर्णन एलएलडीपीच्या कप्प्यातून पाठवायला लावणे. ‘स्विच’ किंवा कंपनीने दिलेले मूळ नाव असलेली बारा उपकरणे एकाच तक्त्यात दिसू लागली की नकाशा तेथेच अडकतो, म्हणून नावे देण्याचे काम पहिल्याच दिवशी उरकावे. अनेक केबल एकत्र बांधून केलेल्या जोडणीत प्रत्येक केबलची ओळख स्वतंत्रपणे येते. बांधणीतली एक केबल भलत्याच स्विचला गेली असेल तर तेही येथेच उघडे पडते.

जो पोर्ट गप्प आहे त्याच्याकडेही पाहिले पाहिजे. एखाद्या पोर्टवर एलएलडीपीचा शेजारी एकही नाही, पण मॅक पत्त्यांच्या तक्त्यात त्याच पोर्टवर १५-२० पत्ते आहेत, असे दिसले की तेथे कोणीतरी अनमॅनेज्ड स्विच लावला आहे असे समजावे. सर्व्हरच्या बाबतीत गप्प राहण्याची कारणे निराळी असतात. लिनक्सवर एलएलडीपीडी हा प्रोग्रॅम बसवला तर सर्व्हर स्वतःची ओळखही देतो आणि समोरच्या स्विचचा पोर्टही सांगतो. पण इंटेलच्या एक्स७१० मालिकेतील नेटवर्क कार्डांमध्ये फर्मवेअरमध्येच एलएलडीपीचा कारभारी बसलेला असतो. तो येणाऱ्या फ्रेम परस्पर गिळतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत काहीच पोहोचत नाही. कार्डाच्या ड्रायव्हरमधील संबंधित पर्याय बदलून तो बंद करावा लागतो. आभासी यंत्रांबाबत आणखी एक: लिनक्सचा सॉफ्टवेअर ब्रिज नियम पाळणारा आहे, त्यामुळे आतल्या यंत्राची एलएलडीपी फ्रेम बाहेरच्या स्विचपर्यंत जात नाही, हा दोष नव्हे, राखीव पत्त्यांचा नियमच येथे लागू होतो.

आता सरसकट बंद केल्यास काय बिघडते ते पाहू. ॲक्सेस पॉइंट नेटवर्क केबलमधूनच वीज घेतात. २००३ च्या ८०२.३एएफ मानकानुसार स्विच १५.४ वॉट देतो आणि तारेतली घट वजा जाता उपकरणाला १२.९५ वॉट मिळतात. २००९ च्या ८०२.३एटीने ही मर्यादा स्विचकडे ३० वॉट आणि उपकरणाकडे २५.५ वॉटपर्यंत नेली. ही जादा वीज मागण्याची आणि मंजूर करण्याची बोलणी अनेक जोड्यांमध्ये एलएलडीपीच्याच एका कप्प्यातून होतात, तीही ०.१ वॉटच्या हिशेबाने. एलएलडीपी बंद केला की असा ॲक्सेस पॉइंट सुरू तर होतो, पण कमी विजेवर भागवण्यासाठी एखादा रेडिओ बंद ठेवतो किंवा प्रसारणाची ताकद घटवतो. वर्गातल्या मागच्या बाकांवरून तक्रारी येऊ लागतात, लोक चॅनेल बदलून पाहतात, ॲक्सेस पॉइंट बदलून पाहतात, आणि कारण स्विचच्या एका ओळीत असते. आयपी फोनचेही असेच: आवाजासाठी कोणता व्हीएलएएन वापरायचा आणि त्या पॅकेटना कोणता अग्रक्रम द्यायचा, हे फोनला एलएलडीपी-मेड या २००६ च्या विस्तारातून कळते. ते न मिळाल्यास फोन संगणकांच्या व्हीएलएएनमध्ये जाऊन बसतो आणि नोंदणीच होत नाही.

तरीही तपासणी करणाऱ्याचा शेरा निराधार नाही. एलएलडीपीत कोणतीही खातरजमा नसते; कोणीही कोणत्याही नावाची फ्रेम बनवून पाठवू शकतो. भिंतीवरच्या सॉकेटला लॅपटॉप लावणाऱ्याला स्विचचे नाव, सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती आणि व्यवस्थापनाचा पत्ता घरबसल्या मिळतो. लॅपटॉपने फोन असल्याची बतावणी केली तर त्याला आवाजाच्या व्हीएलएएनचा क्रमांकही मिळतो, म्हणून त्या व्हीएलएएनवर स्वतंत्र प्रवेशनियम असलेच पाहिजेत. शिवाय फ्रेम वाचणाऱ्या कोडमध्येच दोष असू शकतो: फेब्रुवारी २०२० मध्ये आर्मिस या संस्थेने सिस्को उपकरणांच्या सीडीपी हाताळणीतले पाच दोष जाहीर केले, त्यांतल्या चारांमुळे त्याच स्थानिक नेटवर्कवरील हल्लेखोराला उपकरणावर स्वतःचा कोड चालवता येत होता. पाठवणे बंद करून ऐकणे चालू ठेवले तर अशा दोषापासून संरक्षण मिळत नाही, कारण धोका ऐकण्यातच असतो.

म्हणून पोर्टांचे गट पाडावेत. स्विच ते स्विच आणि स्विच ते सर्व्हर या, कुलूपबंद रॅकमधल्या जोडण्यांवर दोन्ही दिशांनी, सगळ्या कप्प्यांसह चालू ठेवावे. ॲक्सेस पॉइंट आणि फोन यांच्या पोर्टवर दोन्ही दिशांनी चालू, पण पाठवायच्या कप्प्यांतून सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि व्यवस्थापनाचा पत्ता वगळावा. विजेचे आणि आवाजाचे कप्पे राहू द्यावेत. वसतिगृह, वाचनालय, परिसंवादाचे सभागृह अशा ठिकाणच्या उघड्या सॉकेटांवर दोन्ही दिशांनी बंद. इंटरनेट पुरवठादाराकडे जाणाऱ्या पोर्टवर दोन्ही दिशांनी बंद, अपवाद न करता. सीडीपीची गरज फक्त जुन्या फोनना असेल तर तेवढ्या पोर्टवर ठेवून इतरत्र काढून टाकावा, कारण मिश्र नेटवर्कमध्ये त्याचा तक्ता दिशाभूल करतो हे वर आलेच आहे. अहवालाला लेखी उत्तर देताना हे चार गट, प्रत्येक गटातील पोर्टची संख्या आणि चालू ठेवण्याचे कारण एका तक्त्यात मांडावे, सोबत स्विचच्या फर्मवेअरची सध्याची आवृत्ती नोंदवावी. गटवार बंद करण्याचे काम मात्र नकाशातल्या पेन्सिलीच्या सगळ्या ओळींचा छडा लागल्यानंतरच हाती घ्यावे, आणि ॲक्सेस पॉइंटांच्या पोर्टवर बदल केल्यावर स्विचच्या वीजपुरवठ्याच्या तक्त्यात मंजूर वॉट तेवढेच आहेत ना, हे प्रत्येक पोर्टसाठी पाहून घ्यावे.